त्यानं खून केलाच न्हवता!

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाल्ती बघा, तवापासून माझं नशीब फिरलं! आता तुम्हीच सांगा बायांनो, आठ दिवसांतून एक सिनेमा बघितला तर काय गुन्हा झाला का? माझी आकांक्षा दीड वर्साची. तिला पोटभर खाऊ घातलं, आत्याबाईपाशी, म्हंजे माझ्या सासूबाईपाशी, वट्यावर दिली, अन् बसले टीव्ही लावून कूलरपुढं.

सिनेमा खुनाचा. बराय, म्हंजे काही लई खास न्हाई. एक डिटेक्टिव्ह असतो, नोकरी सुटलेला, दाढी वाढलेला, एवढ्या उन्हात कोट घालून हिंडून राह्यला येडा! त्याच्याच घरात मुडदा सापडतो. झालं! सगळे त्याच्याच अंगावर. अन् त्यानं केलाच न्हवता वो! त्या गोडबोल्या डॉक्टरनं केल्ता. मी पहिल्या दहा मिनिटांत वळखलं, पोलिसाला दोन तास कळंना!

मधीच पोंगा वाजला, पों... पों... मला वाटलं सिनेमातल्याच गाडीचा.

दिवेलागणीला लेक खोकली. माझा जीव खाली-वर! दर घडीला तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघून राह्यले. तवर आत्याबाई सुरू, "अंगद, आरं बघ तुझी बायको! लेकराला कूलरचं वारं घातलं अन् बसली सिनेमे बघत!" हे म्हन्ले, "एक लेकरू सांभाळता येत न्हाई का गं तुला?" शेजारच्या उषाबाई भिंतीवरून, "म्हणून तर मी सुनेच्या हाती रिमोटच देत न्हाई!" आरं, पण लेकरू कूलरपुढं न्हवतंच की! कोण ऐकतं? त्यानं केलाच न्हवता, तरी कुणी ऐकलं का?

निकाल लागला. धाकट्या बहिणीचं, साक्षीचं लग्न हाय अंबडला. "तू एकटी जा. लेकरू इथंच राहील." आता लेकरू सोडून मी मांडवात काय करू, अक्षता टाकू का डोळे पुसू?

सकाळी धुणं काढलं तर... आत्याबाईच्या पातळाचा पदर! त्याच्यावर केशरी डाग, चिकट, मुंग्या लागलेल्या, अन् त्यात पाच बोटं उमटलेली, एवढी एवढी, माझ्या लेकीची! तवा कळलं, तो पोंगा बर्फाच्या गारेगारवाल्याचा होता! सिनेमात त्या कोटवाल्याला असाच डागाचा रुमाल घावतो, त्यो भर कोर्टात फडकवतो, सगळे माफी मागत्यात. मी बी पदर हातात घेऊन उठले, बिलकुल त्याच्यावाणी!

तवर आतून आत्याबाईचा आवाज, "अगं ए, त्यो पदर जरा जोर लावून घास बरं! डाग राहू देऊ नको!"

सांगा, काय बोलू? परवा शेतात जायचंय, लेकरू कुणापाशी ठेवू? बसले खाली, अन् घासला. असा निघाला पदर, कोर्टात नेला असता तर जज्ज म्हणला असता, बाई, साबण कोणता?

लेक बरी हाय आता. निकाल तोच हाय. आज दोन वाजता परत पोंगा वाजला. मी साबण काढून ठेवला.

तुमच्यातलं कुणी अंबडला जाणार असंल तर साक्षीला तेवढा निरोप द्या, म्हणावं, तुझ्या ताईनं केलंच न्हवतं. कुणी केलं, ते मातर सांगू नका... त्यांनाच परवा लेकरू सांभाळायचंय.