पानावर उरलेला गुडघा

— नाही नाही सालोंगो, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे. तुम्ही पडलात तर तुमचं अख्खं म्पिगी गाव माझ्या नावाने बोंब मारत कंपालाला येईल. इकडे बसा, खिडकीजवळ. हो, वीज गेलीय, सकाळपासूनच, म्हणून तर खिडकीशी बसवतेय तुम्हाला. ढग यायच्या आत फोटो उरकायला हवा, आणि आमच्या नाबुकीराबाई अजून खालच्या सलूनमध्ये केस करून घेतायत. येईल. तोवर हे घ्या, तळलेले टोळ, आत्ताच खालून आणलेत, कांदा घालून — दात? बरं, मग चहा घ्या. आणि असं बघू नका माझ्याकडे. कळतंय मला. तुम्ही आत आलात आणि मी आपल्या रीतीप्रमाणे गुडघे टेकले नाहीत, उभ्यानेच ‘बरे आहात ना’ म्हटलं. कॉलेजात गेल्यापासून मी कुणापुढे टेकत नाही, सख्ख्या काकांपुढेही नाही, त्यावरून घरात जे रणकंदन व्हायचं ते होऊन गेलंय. काका अजून माझ्याकडे पाठ करून जेवतात. जेवू देत. मला सांगा, गुडघ्यात मान असतो का? मान तोंडात असतो, वागण्यात असतो — बरं जाऊ दे. तुम्हाला इथे भांडायला बोलावलेलं नाही.

कशाला बोलावलं ते सांगते. आधी हे बघा. थांबा, उजेडात धरा. हे मासिक परदेशातलं, फार मोठं, तिथले पैसेवाले वाचतात. आणि हे पान. ओळखलंत ना? तिचंच वर्कशॉप. नाबुकीरा खाली बसलीय, दोन्ही गुडघ्यांवर, हात जोडल्यासारखे, मान वर. आणि समोर तो उंच गोरा, छातीशी फाइल धरून. खाली काय लिहिलंय? वाचून दाखवते, ‘कंपालातली एक स्त्री आभार मानताना.’ एक स्त्री! नाव नाही, गाव नाही. माझ्या मैत्रिणीने कोंबडीच्या पिलांच्या खोलीत टांगायचं यंत्र बनवलं, रात्री ऊब कमी झाली की मालकाच्या फोनवर ओरडतं ते — तुमच्याकडे आहेच, तुम्हाला काय सांगायचं — आज तिच्या हाताखाली वीसेक माणसं पगार घेतात, दोन पोरं तर विद्यापीठातली इंजिनियर आहेत. आणि ती कोण, तर एक स्त्री, आभार मानताना! कुणाचे आभार? कशाबद्दल?

तुम्ही कुठे? कुठे म्हणजे — हे काय. हा इथे, कडेला. हा गुडघा तुमचा. आणि हे काठीचं टोक. बाकी कापलंय तुम्हाला. — हसू नका हो! हसण्यासारखं काय आहे त्यात? त्या दिवशी ते मासिकवाले आले होते, गोरा त्यांना वर्कशॉप दाखवत होता, तेवढ्यात दारातून तुम्ही आलात पिशवीत अंडी घेऊन, आणि तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवला, आणि टेकले गुडघे, तुम्हाला नमस्कार करायला, जसे ती रोज कुणापुढे ना कुणापुढे टेकते. बसस्टॉपवर टेकते, चर्चच्या पायरीवर टेकते. आणि त्यांनी खटकन काढला. काढला तर काढला. पण मग तिकडे नेऊन कुणीतरी ऑफिसात बसून कात्री चालवली. तुम्ही गेलात आणि मागे उभा असलेला गोरा पुढे आला. आता जगातल्या प्रत्येक माणसाला वाटतं, ती त्याच्यापुढे बसलीय.

आणि हा गोरा साधासुधा नाही, सालोंगो. तिच्या कंपनीत ज्यांनी पैसे घातलेत ना, त्यांचा माणूस. हे पान छापून आलं आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं म्हणणं आलं की आता कंपनी वाढतेय, तर वर एक अनुभवी माणूस आणू या, बाहेरून. ती? ती राहीलच की. ती कंपनीचा चेहरा म्हणून राहील. चेहरा! म्हणजे यंत्र हिने बनवायचं, मार्चच्या पावसात चिखलातून गावोगाव हिने हिंडायचं, आणि हुकूम कुणीतरी सोडायचा जो आजवर कोंबडीच्या खुराड्यात वाकलेला नाही, आणि हिने फक्त फोटोपुरतं हसायचं. उद्या दुपारी त्यावरच बैठक आहे. उद्या ठरणार. काय म्हणालात? फोटोने काय होतं? — अहो फोटोनेच होतं! तुम्हा वडीलधाऱ्यांना वाटतं कागदावर सही झाली की निर्णय होतो. निर्णय आधी डोळ्यांत होतो. जी बाई माणसाने गुडघ्यांवर पाहिली, तिच्या हातात तो तिजोरीची किल्ली देईल का? देणार नाही. मी दिली नसती.

म्हणून तर मी हा सगळा उपद्व्याप मांडलाय. उद्या सकाळी, बैठकीच्या आधी, ते सगळे जिथे कॉफी प्यायला जमणार त्या हॉलची एक अख्खी भिंत मला मिळालीय. सगळे आपले लोक, स्वतःच्या कंपन्या काढलेले, माझ्या हातचे फोटो. कारण तिकडे ‘आफ्रिकेतला उद्योजक’ म्हणून फोटो शोधला ना, तर काय येतं माहितेय? हात. नुसते हात, ओंजळीत शेंगदाणे. चेहरा नाहीच. नाहीतर डोक्यावर टोपली. नाहीतर झाडाखाली लॅपटॉप. कोण बसतं हो झाडाखाली लॅपटॉप घेऊन? वरून पक्षी शिटतो! माझ्या ओळखीच्या एका पोराला तर परदेशी फोटोवाल्याने ऑफिसातून उठवून बाहेर लाल मातीत उभं केलं, म्हणे इथे जास्त खरं वाटतं. तो बिचारा रोज सकाळी बूट पुसून कामाला जाणारा. मी त्याचा काढलाय, तो बघा, इथल्या भिंतीवर डावीकडून दुसरा. काळा कोट, हाताची घडी, नजर सरळ. असेच काढलेत सगळे. हाताची घडी, नजर सरळ. कुणी कुणापुढे वाकलेलं नाही.

हो, सगळे सारखे दिसतात, माहितेय मला! त्या हॉलचे व्यवस्थापक, तुमच्याच वयाचे, काल इथे आले, एकेक फोटो पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “मुली, छान आहेत, पण बँकेच्या जाहिरातीसारखे आहेत.” मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं. म्हटलं तोंडावर. आणि मग रात्रभर — असो. बँकेची जाहिरात तर बँकेची जाहिरात. भिकेच्या जाहिरातीपेक्षा बरी.

तर आता तुमचं काम. सोपं आहे. नाबुकीरा येईल, निळा कोट घालून, माझाच कोट, खांद्यात थोडा सैल आहे पण मागून पिना लावीन. तुम्ही इथे बसलेले. ती दारातून येईल, तुमच्यासमोर उभी राहील, उभी, आणि तुम्ही हात पुढे करायचा. ती हात हातात घेईल. दोघं सरळ एकमेकांकडे बघताय. झालं. मालक आणि ग्राहक. त्या पानाच्या तोंडावर मारण्यासारखं उत्तर. तीच बाई, तोच म्हातारा, पण उभी! फक्त तुम्ही तिला आधी सांगायचं, की पोरी, आज टेकू नकोस. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल.

चहा काय ढवळताय नुसता? एवढं काय जातंय तुमचं? एकदा, एका फोटोपुरतं. तुम्ही तर तिच्यासाठी इतकं केलंत. मला ठाऊक आहे सगळं, तिने सांगितलंय. पहिलं यंत्र तुम्ही घेतलंत, जेव्हा बाकीचे म्हणत होते की पोरीने बनवलेलं यंत्र, त्यात काय दम. आणि ते पहिलं यंत्र पावसाच्या रात्री मुकं राहिलं आणि तुमची शेडभर पिलं गारठून मेली. सगळी. आणि तुम्ही गावात एका शब्दाने बोलला नाहीत. टॅक्सीत बसून आलात, यंत्र फडक्यात गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, “हे ओरडलं नाही. ओरडेल असं कर.” आणि पुढच्या खेपेच्या पिलांसाठी पुन्हा तेच घेतलंत. ती हे सांगताना रडते अजून. कंपनी तिथे सुरू झाली असं म्हणते ती, पैसे आले तेव्हा नाही.

मग आता तिच्यासाठी एवढं करा ना! मी सांगून थकले. परवा दोन तास भांडलो आम्ही. म्हणे, सालोंगोंपुढे मी उभी राहणार नाही. म्हटलं अगं, त्या पानाने तुला गुडघ्यांवर आणलं. तर म्हणते, “नालवोगा, गुडघ्यांवर मी माझी मी बसले होते. त्यांनी सालोंगोंना कापलं, त्याचं बोल.” असं म्हणते! तिला त्या फोटोची लाज वाटतच नाही. लाज मला वाटते. मी बसमध्ये ते मासिक कुणाच्या तरी हातात पाहिलं आणि उतरले, आणि — हे मी तुम्हाला का सांगतेय? हे सांगायचं नव्हतं मला. तिची फोटोला हरकत नाही असं म्हणत नाहीये मी. म्हणजे, तिची हरकत वेगळी आहे. ती म्हणते, तोच फोटो लाव, पण पूर्ण. पूर्ण फोटो कुठून आणू? तो त्यांच्याकडे आहे. आणि आणला तरी कोण समजून घेणार आहे? तिथे कॉफीचा कप हातात घेऊन उभ्या माणसाला मी काय सांगत बसू, की बाबा रे, हा आमच्याकडचा नमस्कार आहे, हा भिकेचा नाही, हा त्या म्हाताऱ्याचा आहे ज्याची पिलं मेली? भिंत बोलत नाही, सालोंगो. लोक चालत चालत बघतात. एक क्षण. त्या एका क्षणात एक तर तुम्ही उभे असता, नाहीतर नसता.

काय बघताय? माझे डोळे लाल नाहीत. झोप झाली नाही, बस्स.

— ती आली. जिन्यावर बूट वाजतायत, माझेच बूट आहेत, तिच्या पायात ढिले. नीट बसा. टोपी राहू द्या, छान दिसतेय. मी सांगितलेलं लक्षात आहे ना? हात. ती दारात आली की लगेच हात पुढे. टेकू नकोस म्हणायचं नसेल तर नका म्हणू, नुसता हात. ये गं, ये, तिथेच थांब — व्वा, केस मस्त केलेत — तिथेच, सरळ उभी राहा, हनुवटी वर. आता सालोंगो. हात. हात करा पुढे! हां. शाब्बास. असाच. घे गं त्यांचा हात, घे, आणि त्यांच्याकडे — नाही! नाबुकीरा! अगं कोट! अगं पिना —

अहो उठवा तिला! हात सोडा, म्हणजे सोडू नका, वर ओढा. हो, दिलात तुम्ही हात, मी कुठे नाही म्हणतेय. मी सांगितलं तसंच केलंत. हात दिलात आणि तिने हात घेतला आणि हात धरून खाली बसली. आता काय बोलू मी? आता तुमचं सुरू, घरची कशी आहेत, कोंबड्या कशा आहेत, ज्यांच्यावरून तुम्हाला सालोंगो म्हणतात ते जुळे कसे आहेत, हं, हं, हं, संपायचंच नाही हे दहा मिनिटं. अगं उद्या त्या बैठकीत तुझं — ऐकत नाहीये ती. दोघंही ऐकत नाहीत. मी इथे भिंतीशी बोलतेय.

उजेड चाललाय. आत्ता नाही काढला तर काहीच नाही. ऐका, हा भिंतीवर लागणार नाही, आधीच सांगते. लावायचाच झाला तर ते मी ठरवीन. सालोंगो, जरा पुढे झुका, तुमचं डोकं चौकटीबाहेर जातंय. झुकता येत नाही? कंबर? जरा तिच्या बाजूला सरकलात तर — नको. राहू द्या. बसा तसेच. मीच मागे जाते.

बोला तुम्ही. बोला. माझ्याकडे बघू नका.