पाळण्याचं पॉलिश

आजच्या समारंभाचे अध्यक्ष पास्टर लॉयड, सत्कारमूर्ती आदरणीय मर्ल टॅकेटसाहेब, सौ. टॅकेट, उद्यापासून आपल्या फर्निचर कारखान्याची सूत्रं हाती घेणारे चिरंजीव वेड, आणि पॉलिशखात्यापासून ट्रकपर्यंतच्या माझ्या माणसांनो,

साहेबांबद्दल चार शब्द बोलायचा मान मला दिलात, आभारी आहे. वेड मघाशी म्हणाले, "वर्ना, गोड बोल हं." बोलते की! साहेबांनी या गावाला काय दिलं नाही? चर्चला छप्पर दिलं, शाळेला मैदान दिलं, आणि कारखान्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला मेपलच्या लाकडाचा पाळणा दिला, बाळाचं नाव कोरलेला. कुणाकुणाकडे आहे, हात वर करा बरं. बघा, अर्धं सभागृह!

माझ्या लेकीला, रोझानलाही मिळाला. ती इथंच गाद्या शिवायची. दुसऱ्या बाळंतपणात तिचं हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिसरं जिवावर बेतेल. दिवस राहू नयेत म्हणून तिला साधन बसवून घ्यायचं होतं. पण कंपनीच्या आरोग्य विम्यातून साहेबांनी नेमकं तेवढंच वगळलेलं. का? तर त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. आम्ही मायलेकी त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, पदरात दोन लेकरं आहेत. मला जगायचंय."

"पोरी, मूल ही देवाची देणगी. विश्वास ठेव. पाळणा आमच्याकडून."

"आणि मी गेले तर?"

"असं अभद्र बोलू नये."

नाही बोलली बिचारी पुन्हा. पदरचे पैसे साठवायला लागली, तोवर दिवस राहिले. सातवा महिना सरता सरता ती गेली, बाळही गेलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नाव आधी कळवायचं, आठवा लागला की पाळणा घरपोच. तो थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. अंत्यविधीच्या दिवशी शेजारणी जेवणाची भांडी घेऊन येत होत्या, आणि त्यांच्यामागे आपला ट्रक दारात उभा राहिला. 'अभिनंदन, टॅकेट परिवार.' त्या पाळण्याला पॉलिश मीच केलं होतं हो. नातवाचा म्हणून एक हात जास्त दिला होता.

वेड, खाली बसा. पास्टर, माईक राहू द्या, संपतच आलंय.

साहेब, टेबलावर झाकलंय ते निरोपाचं घड्याळ नाही. सौ. टॅकेट, कापड काढा आणि नाव मोठ्यानं वाचा. नाही वाचवत? मी वाचते. कॅलेब.

हा तुमच्या दिवाणखान्यात ठेवा. आता निवांत घरी बसणार ना? रोज बघा. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, अगदी मनापासून मागते मी. पुष्कळ वर्षं बघा.

आणि वेड, विम्यातलं ते कलम उद्याच्या उद्या काढा. नाहीतर मघाशी हात वर करणाऱ्या बायका आपापले पाळणे तुमच्या दारात आणून टाकतील. ठरलंय आमचं.

शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर मला क्षमा करा. साहेबांना क्षमा करायचं काम पास्टरांचं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.