धुण्यागणिक पिवळा

समृद्धी : आई, थांब. तुझं भाषण इथेच गंडतंय. यमूचा परकर शेवटी पिवळा होत नाही.

कल्पिता : गप गं. मी पहिलीत असताना नानांनी ही अख्खी कादंबरी मला वाचून दाखवलेली. शेवट तोंडपाठ आहे.

समृद्धी : मी कालच संपवली. ऑनलाइन मागवलेली, ही बघ. यमूची आई जाते. काकू तिचा पिवळा परकर काळ्या रंगात बुडवते. बस. विषय संपला.

कल्पिता : संपला काय? यमू रोज नदीवर धुते तो. आधी काठ उजळतो, मग चुण्या, आणि शेवटी हळदीसारखा लख्ख!

समृद्धी : नदीच नाहीये. विहीर आहे.

कल्पिता : नाना, तुमच्या नातीला सांगा जरा. मला तासाभरात डोंबिवलीला निघायचंय. विषयच 'यमूला परत मिळालेला पिवळा' आहे. वाचनालयाने बोर्डसुद्धा लावलाय.

सहदेव : चहा निवतोय तुझा.

कल्पिता : नाना.

सहदेव : हल्ली नव्या आवृत्त्यांत काटछाट करतात.

समृद्धी : फेकू नका हां, नाना. कव्हरवरच लिहिलंय, 'संपूर्ण'. आणि खरी भारी गोष्ट सांगू? परकर काळा झाला ना, की त्यानंतर पुस्तकात एकही रंग नाही. झाडं आहेत, हिरवी नाहीत. आभाळ आहे, निळं नाही. मी मागे जाऊन परत शोधलं. काटा आला अंगावर. ती मोठी झाली असं कुठेच लिहिलेलं नाही. नुसते रंग काढून घेतलेत.

कल्पिता : मग माझी मंजुळा परटीण? 'पोरी, काळा वरवरचा, हळद आत मुरलेली असते' म्हणणारी? माझं भाषण तिच्यावर संपतं!

समृद्धी : परटीणच नाहीये कुणी.

(सहदेव चष्मा काढून पुसत बसतात.)

कल्पिता : म्हणून पुस्तक माळ्यावर. म्हणे, 'हात लावू नकोस, बाइंडिंग सुटलंय.'

सहदेव : सुटलं होतंच. थोडंसं.

कल्पिता : अर्धी कादंबरी मनाने? नाना, तुम्ही साधी वाण्याची यादी दोनदा खोडता!

सहदेव : पुस्तक अर्ध्यावर आलं होतं आणि तुझी आई गेली. चौदावा झाला, तशी तू पुस्तक घेऊन आलीस. म्हणालीस, पुढे वाचा. मी पान नजरेखालून घातलं, तर काकू चुलीवर काळ्या रंगाचं पातेलं ठेवत होती. तू मांडीवर. अंगात आईने शिवलेला पिवळा फ्रॉक. काय वाचणार?

समृद्धी : म्हणून परटीण आणलीत?

सहदेव : आपली आपण आली ती. वाटलं, आजचा दिवस निभेल. पण ही रोज विचारायची, आज किती उजळला? एकदम उजळवला असता तर हिने पकडलं असतं. आईवरच गेलीय.

समृद्धी : नाना, कसले भारी आहात तुम्ही!

कल्पिता : एकदाही अडखळला नाहीत हो.

समृद्धी : आई, मग आज काय बोलणार?

कल्पिता : दोन्ही शेवट सांगेन. पुस्तकातला आधी. नाना, पण सगळं मनातलंच होतं, तर पानं कशाला उलटायचात?

सहदेव : तू बघत होतीस ना.