खिडकीजवळची खुर्ची

आप्पा : अगं, हा कोट तर बरोब्बर माझ्या मापाचा! घरचं कपाट उघडून माप घेऊनच आलीस की काय?

ताई : आप्पा, तासाभरात कॅमेरेवाले येतील. आधी अंगात घाला, मग चेष्टा करा.

आप्पा : या सभागृहाच्या खुर्च्या पुसता पुसता माझे केस पांढरे झाले. भल्याभल्यांना पाणी नेऊन दिलं, पण कुणी मला कोट दिला नाही. आज परराष्ट्र खात्यातली लेक घेऊन आलीय, तर का म्हणून विचारूही नको?

ताई : परिषदेला निम्मे देश येत नाहीयेत. आज सकाळी कळवलंय.

आप्पा : काय झालं त्यांना?

ताई : कुणाला सर्दी झाली. कुणाचं विमान चुकलं. एका मंत्र्याच्या घरी म्हणे पाहुणे आलेत.

आप्पा : पूर्वी आपण नुसते खोकलो तरी ही मंडळी औषध घेऊन दारात उभी असायची. आता सर्दी त्यांनाच होते होय!

ताई : वरून हुकूम आहे. एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये. ड्रायव्हर, माळीकाका, टेलिफोनवर बसतात त्या बाई, सगळ्यांना कोट दिलेत. फोटो मागून काढणार आहेत. चेहरे येणारच नाहीत, नुसत्या पाठी दिसतील.

आप्पा : माळी कुठल्या देशाचा?

ताई : बेटांचा.

आप्पा : अरे देवा! त्याला अंगणातल्या डबक्याची भीती वाटते गं. पण बाकी युक्ती झकास हो. पाठ दाखवायला आपण आता शिकलोच आहोत.

ताई : आप्पा! धाकटा ऐकतोय, लढाईवरून परतलेला.

आप्पा : ...तुला नाही रे म्हणालो, बाळा. जीभ घसरली माझी.

धाकटा : म्हणालात तरी चालेल. जरा सरका, आप्पा. या खुर्चीचा पाय अजून हलतोय.

आप्पा : असा एक पाय ताणून फरशीवर नको बसूस. जखम भरलीय म्हणून गुडघा बरा झाला असं नाही. स्टूल घे.

धाकटा : खालीच बरं वाटतं मला.

ताई : खरं सांगू का आप्पा, आज नाही हे सुरू झालेलं. सैन्य परत आलं त्या दिवसापासून चाललंय. बेटवाल्यांनी आपला नाविक तळ उठवायला सांगितलं. शेजाऱ्यांनी करार दुसऱ्याशी केला. मी फोन करते, तर गोड बोलतात आणि म्हणतात, 'कळवतो.'

आप्पा : 'कळवतो' तर आपण म्हणायचो!

ताई : तेच ना.

आप्पा : झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. एवढ्याशा देशावर ती उगारायला सांगितली कुणी? उघडावी लागली, आणि आत काय होतं ते साऱ्या जगानं पाहिलं. आता कोट घालून ती परत झाकता येते का? बरं, माझा देश कुठला ते तर सांग.

ताई : खिडकीजवळची खुर्ची.

आप्पा : म्हणजे नेमकी कुणाची?

ताई : ...त्यांचीच.

आप्पा : ज्यांच्याकडे हा लढायला गेला होता, त्यांची?

ताई : हो. समेट झाला असं दाखवायला त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी उत्तरच दिलं नाही. इतरांच्या खुर्च्या एकवेळ रिकाम्या चालतील, पण ती दिसली तर उद्या जगभर तेवढाच फोटो छापून येईल. म्हणून तिथे भरवशाचं माणूस हवंय. मीच तुमचं नाव सुचवलं.

आप्पा : माझं? आणि मी नाही म्हटलं तर?

ताई : तर माझी नोकरी आज संध्याकाळपर्यंत. साहेबांनी स्वच्छ सांगितलंय.

आप्पा : मग हरकत कसली? पाहुणे यायच्या आधी प्रत्येक खुर्चीत बसून मी ती करकरते का बघतो. सगळ्या देशांच्या जागी बसून झालंय माझं. फक्त पाहुणा यायच्या आत उठतो. आज नाही उठायचं, एवढंच ना? देव बघेल आणि तोंड फिरवेल घटकाभर. घालतोच हा कोट.

धाकटा : आप्पा, तुम्ही नका बसू.

आप्पा : अरे, बहिणीच्या पोटावर पाय येतोय.

धाकटा : म्हणूनच म्हणतो, मी बसतो. त्यांच्या जागेवर बसायची सवय मलाच आहे.

ताई : असं काय बोलतोस?

धाकटा : शाळेत तळ होता आमचा. हेडमास्तरांच्या टेबलावर वायरलेस आणि त्यांच्या खुर्चीत मी. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः पुढे केली ती खुर्ची. म्हणाले, तुम्ही पाहुणे. मग थंडी पडली आणि आम्ही मुलांची बाकं जाळायला लागलो. ते रोज यायचे, माझ्यासमोर उभे राहायचे. म्हणायचे, पहिलीच्या वर्गातली तेवढी राहू द्या.

आप्पा : राहू दिलीत?

धाकटा : नाही.

ताई : हे तू कधी बोलला नाहीस.

धाकटा : निघायच्या दिवशी वाटलं, आता शिव्या देतील, दगड मारतील. हेडमास्तर आले. मी उठलो. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्यादेखत ती खुर्ची पुसली. पाठ, बैठक, हात, सगळं. मग आत ओढून घेतली. बस, इतकंच. तुम्ही म्हणता कुणी येत का नाही. मी तरी आलो असतो का, ताई?

आप्पा : लेका, रोज एवढ्या खुर्च्या घासतोस, ते हे होय...

धाकटा : कोट द्या, आप्पा. मला थोडा सैल होईल. पाठच तर दिसायचीय.

ताई : नाही.

धाकटा : अगं, तुझी नोकरी...

ताई : नाही म्हटलं ना! कोट इकडे द्या, आप्पा. मी तुम्हाला... माझ्या बापाला त्या खुर्चीत बसवणार होते. लाज नाही वाटली मला.

(टेबलावरचा फोन वाजतो.)

ताई : हो साहेब, मीच बोलतेय. बाकीच्यांचं तुम्ही ठरवा. खिडकीजवळची खुर्ची रिकामी राहील. नाही साहेब, माणूस मिळाला होता. मीच नको म्हटलं. हो. समजतंय मला. येते भेटायला.

आप्पा : काय म्हणाले?

ताई : टेबल आवरून या म्हणाले.

आप्पा : हं. जा, ताठ मानेनं जा. बाळा, तो पाय झाला का घट्ट?

धाकटा : झाला.

आप्पा : मग ठेव खिडकीजवळ. आणि समोर पाण्याचा पेला भरून ठेव.

धाकटा : आता कोण येणार आहे, आप्पा?

आप्पा : कुणी नाही रे. पण बोलावलंय ना आपण.