लाल फ्रॉक आणि वहीचा हिरवा

हॅलो?… हो, बोल गं. नाही, जेवण झालं कधीच. हातभर शाई लागलीये, फोन खांद्यात धरलाय… पडत नाही, बोल तू.

हो, दोन्ही ट्यूब पोचल्या. अखंड… अगं, दिव्यांच्या धंद्यात जन्म काढलेली बाई तू, जपूनच पाठवणार.

सांगते ना. पहिली, ती साडेसहा हजार केल्विनवाली, निळसर. तिच्याखाली माझेच हात मला परके वाटले, जुन्या दुखण्यातून उठलेल्या बाईचे. दुसरी, पाच हजारवाली… हो, जिच्या खोक्यावर रंगांच्या खरेपणाचा आकडा अठ्ठ्याण्णव लिहिलाय, तीच. तिच्या उजेडात पांढरं पांढरंच राहतं… हो, हो, वीस मिनिटं तापू दिली. मगच पाहिलं.

खिडकी?… खिडकी आहे जागेवर, उजेड गेला. अप्पांची उत्तरेची खिडकी. ‘दहा ते बारा हिचा नि माझा संसार’, म्हणायचे ना?… हो, आणि आई म्हणायची, ‘मग मी काय छापखान्यातली पाहुणी?’… हं. आता समोर इमारत झालीये, अंगभर नारिंगी. तिच्यावरून परतलेला उजेड आत येतो, तोही नारिंगीच. त्यातच मी मागच्या महिन्यात वहीवाल्यांच्या पुठ्ठ्यांचा हिरवा जुळवला. इथे जुळला होता गं. बाहेर नेला तर शेवाळलेला. सगळे गठ्ठे परत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

नाही, रागावले नाहीत, तेच लागलं. ‘अप्पांबरोबर नजरही गेली, चालायचंच’, एवढंच म्हणाले. उद्या अकराला येतायत, शेवटचा नमुना बघायला. नाही जुळला तर वह्या दुसऱ्या छापखान्यात… दुसरं काम आहे कुठे आता?

म्हणून तर म्हणते, तू ये… अगं ऐक ना. दिवा मी निवडला, पण नजर तुझी लागेल. अप्पांची नजर तुझ्यात उतरली, माझ्यात नुसता हट्ट…

हं… हं… माहितेय. त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस, आणि ठेवला नाहीस. सहा वर्षांची होतीस. नवा लाल फ्रॉक दाखवायला धावत आलीस, त्यांनी वर न बघताच दंडाला धरून बाहेर केलं… हो, दारही लावलं. मी आतच होते, पुठ्ठे मोजत.

त्यांची बाजू नाही घेत… नाही घेत म्हणते ना. आज सकाळी काय झालं ते ऐकशील?

खिडकीवर काळा पडदा टाकला. भिंत राखाडी केली. तुझी ट्यूब लावली. अप्पांच्या जुन्या नमुन्याशेजारी माझी शाई बोटाने थापली, आणि दोन्ही हिरवे मळकट. तुझ्या ट्यूबला लाखोली वाहिली… हो, मोठ्याने. मग लक्षात आलं, मी वाकले की रंग मळतो, मागे सरकले की निवळतो. वाकले, मळला. सरकले, निवळला… अंगावर आईची शाल होती गं. लाल.

अगं, शालीवरून परतलेला लाल उजेड पडत होता कागदावर. अप्पा घालायला लावायचे तो राखाडी एप्रन शाईच्या डागांसाठी असतो असं मी समजत होते, अप्पा गेल्यावर घालायचाच सोडला. शाल बाहेर दांडीवर टाकली, दार लोटलं, आणि तो हिरवा… कोऱ्या वहीचा वास येतो ना, तसा समोर आला.

मग दारातच उभी राहिले. जिच्या उबेत सगळे हिवाळे काढले, तिलाच मी बाहेर काढलं होतं. आणि मला तिचा राग नव्हता…

छोटे? आहेस ना?

हो. सांगायला हवं होतं त्यांनी. सहा वर्षांच्या पोरीला कळेल असं सांगता आलं असतं. त्यांना शाईशी बोलता यायचं, माणसांशी… नाही, त्यांच्या वतीने माफी मी मागणार नाही. मलाही तेव्हा बाहेर येता आलं असतं.

पण एक ऐक. एप्रन शोधायला आज त्यांचा खण उपसला. त्यांचे दोन, माझा एक, आणि अगदी तळाशी एक… नाही गं, माझा नाही. इथे काम करू लागले तेव्हाही मी इतकी लहान नव्हते. राखाडी. आईच्या हातची टीप आहे. खिशाच्या आतल्या बाजूने तुझ्या नावाचं अक्षर, लाल दोऱ्याने. आत, म्हणजे कागदावर पडू नये… घडीसुद्धा मोडलेली नाही. तू परत आलीच नाहीस ना.

खरंच माहीत नव्हतं मला.

… रडू नकोस गं. माझे हात शाईचे आहेत, मला डोळे पुसता येत नाहीत.

काय?… नऊला ये. अकराच्या आत जुळवू… आता तो कसा होईल तुला? रुमाल म्हणून खोच फार तर.

कपडे?… नाही, राखाडी नको. लाल घालून ये… अगं हो, मला कळतंय मी काय बोलतेय. माझा एप्रन चढव नंतर वरून. आधी दारात उभी राहा जरा, मला बघू दे. मगच शाईचा डबा उघडू.

बरं, ठेवते… हो, अठ्ठ्याण्णववालीच. तू यायच्या आधीच लावून ठेवते. तापायला वेळ लागतो तिला.