भाटकारासमोरची खुर्ची

हॅलो? … हां शांता, बोल. मीच गो, सुमंगला. … धावत आले म्हणून धाप लागली. प्रभावतीने कुंपणावरून हाक मारली, तुझ्या बहिणीचा फोन आलाय म्हणून.

… हो, झाली सुनावणी, आजच. … नाही लागले. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार म्हणून बाबांचे नाव नाही लागले. घर गेले, शांता.

… आहेस मा?

… वकील काय करणार? त्याने दहादा पढवले होते. चाळीस वर्षे राहतो, घर मीच बांधले, एवढेच सांगायचे. पेडण्याच्या कचेरीला जाताना बशीत मीसुद्धा घोकून घेतले.

… मग काय, भाटकार आला काठी टेकत आणि समोर बसला. त्याला बघून बाबा उठलेच खुर्चीवरून. मामलेदार म्हणतो, बसा आजोबा. … नाही गो, नाही बसले. भाटकारासमोर कसा बसू, म्हणतात. … हो, मामलेदारालाच.

… मग विचारले, घर कोणाचे? … काय सांगणार? 'त्यांचेच. आम्ही आपले राखणेला.' हसून सांगितले, सगळ्यांदेखत. … लिहून घेतले. वाचून दाखवले. बाबांनी मान डोलावली.

… अपील करू म्हणतो वकील. पण आपल्याच तोंडचा शब्द कसा खोडणार? भाटकाराच्या मुलाने जागा हॉटेलवाल्याला दिलीय. पावसाआधी खाली करा म्हणाला.

… रागावून काय करू? येताना बशीत मी तोंड फिरवूनच होते. ते मात्र खूश. भाटकाराने खांद्यावर हात ठेवला ना.

… हळू बोल. इथेच आहे ती, प्रभावती. … हो, तिची सासू, गंगाकाकी. गोव्याचे राज्य झाले त्या वर्षी तिची सुनावणी. तीच कचेरी, तोच भाटकार समोर. म्हातारी ऐसपैस बसली आणि म्हणाली, घर माझे. … तेवढेच. आता बघ, मागे दोन खोल्या काढल्यात, गोरे पाहुणे भाड्याने राहतात. पोरगी कॉलेजात, घरात फोन. … आपण काय कमी राबलो? विहीरसुद्धा एकच गो दोन्ही घरांची.

… बाबा? ओसरीवर नारळ सोलतायत. भाटकाराकडे पोचवायचेत म्हणे. एवढ्या लांब आला बिचारा आपल्यासाठी, म्हणतात.

… रडू नको.

… तो खुर्ची सरकवल्याचा आवाज. प्रभावती मघापासून बस बस करतेय. … राहू दे गो प्रभावती, उभीच बरी मी. … अगो शांता, लोकांच्या घरात कशाला बसायचे? दोन मिनिटांचे तर…

… कोणासारखी म्हणालीस?

… हॅलो? … शांता?