रात निघंल एवढी बॅटरी

नाय ताई, ती नाय. ती ट्युब्युलर — घरच्या इन्व्हर्टरला एक नंबर हाय, पण तुमच्या गाडीला नको. कुणी सांगितली, मेकॅनिकनं? त्याला तुम्ही गाडीत झोपणार हे ठाऊकच नसंल. पंचावन्न किलोचं धूड, वरचेवर पाणी बघा, अन् चार्ज होताना गॅस सोडती — अन् तुम्ही तिच्यावरच गादी टाकणार. वरून आपले रस्ते. सिल्लोडच्या पुढं फर्दापूरपर्यंत एकदा जाऊन बघा, आतल्या प्लेटा खिळखिळ्या होतात. अन् शंभर अँपिअरची घेतली तरी वापरायची पन्नासच, जास्त उपसली की वर्षात बसती. तुम्ही बसा की. पंखा तिकडं फिरवतो. चहा सांगू? — बरं, राहिलं.

द्या ती यादी. पंखा, दोन लाइटी, छोटा फ्रीज, मोबाइल, पाण्याची मोटर... एवढंच? मग चार बॅटऱ्या कशाला? दोन लिथियम बक्कळ झाल्या तुम्हाला. विकायला मीच बसलोय अन् मीच म्हणतो दोन — बावीस वर्षं झाली या दुकानाला, कुणाच्या गळ्यात जास्तीची बॅटरी मारली नाय. टपावर दोन पॅनल टाका, चार्जर लिथियमचाच घ्या, जुना चालायचा नाय. अन् बॅटरी टपाला चिकटून ठेवू नका, मे महिन्यात तिथं हात लावू वाटत नाय, खाली सीटच्या पेटीत ठेवा. चार कधी लागतात माहीत हाय का — साडेतीनशे वॉटचं मशीन रातभर चालवायचं असंल तर. तरी रातच निघती फक्त. सकाळी ऊन पडलंच पाहिजे.

कोणतं मशीन? काय नाय, आपलं उदाहरण दिलं... ऑक्सिजनचं. आमच्या आण्णांचं हाय. वडील माझे, कारभारी नाव. आमचं गाव बिडकीनच्या अंगाला, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. गायरानात प्लॉट पडले, तारा लागल्या, तवा आण्णांनी मेंढरं चुलतभावाच्या, कडूबाच्या हवाली केली अन् खडी क्रशरवर वॉचमन झाले. शहराला बिल्डिंगी पाहिजेत, बिल्डिंगीला खडी पाहिजे — धुळीत बारा वर्षं काढली, फुप्फुसं गेली. आता रातदिस नाकाला नळी. सात मीटरची हाय. ओट्याच्या पायरीपर्यंत पुरती, खाली उतरायला नाय पुरत. अन् माझं म्हणाल तर — लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर दीड तास ओढतो, तेवढ्यात मी तिथं पाहिजे, सिलिंडर जोडायला. आताचं घर इथनं दहा मिनिटं. तीन वर्षं झाली, त्याच्या पल्याड गेलो नाय. मेव्हण्याचं लग्न जालन्याला व्हतं — जालना किती लांब हो? — बायको एकटी गेली.

मागं पिवळी मिनीबस दिसली ना, शाळेची? ती माझीच. सीटा काढल्या, खाट बसवली, खाटंजवळ मशीन पट्ट्यानं आवळलं, जोडीला भरलेला सिलिंडर. कशासाठी म्हणजे? दिवाळी झाली की कडूबा मेंढरं घेऊन अजिंठ्याचा घाट उतरतो, खाली खानदेशात. तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात — रातभर बसली की रानाला खत होतं, बदल्यात धान्य देतात. आण्णांची सगळी हयात त्यात गेली. म्हणले, रामेश्वर, एक रात मला मेंढरांत झोपू दे, बास. कधी काय मागितलं नाय त्या माणसानं.

मग काय. आधी ट्युब्युलर बसवल्या, सहा तासांत बसल्या. मग दोन लिथियम — नाय पुरल्या, त्या विकल्या. मग म्हणलं चार पाहिजेत. चारात रात निघती, पण दुसऱ्या दिवशी आभाळ आलं तर? मग सहा करू. डॉक्टर व्हय म्हणले. अंबिका, बायको माझी, ती म्हणली, सिलिंडर हाय, तुम्ही सोबत हायत, आता अडलंय कुठं? कुठं अडलंय... भ्या वाटतं ताई. घाटात मशीन बंद पडलं अन् माझ्या डोळ्यांदेखत काही झालं तर? दुसऱ्यांना मी चार मिनिटांत हिशेब करून देतो, अन् स्वतःची बॅटरी निवडता निवडता दोन दिवाळ्या घालवल्या.

यंदाची? यंदाचं काय सांगू. पाऊसच नाय. इथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतंय, रानात मेंढरांना कोण विचारतंय. चारा नाय, पाणी नाय — दसऱ्याच्या आधीच कडूबानं मेंढरांची सगळी खांड विकून टाकली. एक कोकरू ठेवलं नाय. आता बिडकीनला कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा असतो. आण्णांना माहीत नाय. घरात कुणालाच नाय, मी अन् कडूबा सोडून. सकाळी चहाला बसलं की आण्णा विचारतात, रामेश्वर, बॅटऱ्या आल्या का रं? मी म्हणतो, यायच्यात आण्णा. रोज. अन् बॅटऱ्या त्या काय, शेवटी चारच मागवल्या, त्या इथंच कपाटामागं, पोत्याखाली. दीड महिना झाला येऊन. आल्या म्हणलं की निघावं लागंल, अन् निघून जायचं कुठं?

सांगून टाकावं म्हणता. सोपं हाय बोलायला. सांगितलं तर उद्यापास्नं तो माणूस कशाची वाट बघंल? सात मीटरात बसून? माझ्यामुळं झालं हे. पहिल्याच वर्षी नेलं असतं तर झोपून आले असते.

ताई, तुम्ही असं करा, त्या कपाटामागच्या चारही न्या. व्हय, मीच म्हणलो दोन बास, आता मीच म्हणतो चार. पैसे दोनचेच द्या. नव्या कोऱ्या हायत, सील फोडलेलं नाय. नको म्हणू नका — तुम्ही नेल्या तर सकाळी निदान तोंड वर करून खरं बोलंन. आल्या व्हत्या आण्णा, गिऱ्हाईकानं नेल्या.

गाडी दाराला लावा. नाय, आता काही बोलू नका, तुमच्या पाया पडतो. सरका, मी उचलतो. अन् बिल मागू नका — बिलावर तारीख येती, अंबिका फाइल बघती, इतके दिवस दडवल्या ते तिला कळंल. जावा आता, गर्दी व्हायच्या आत निघा.